नमस्कार, बसा

हयातीचा दाखला द्यायला काल अकोल्याच्या एका कचेरीत गेलो होतो. टेबलामागचा कारकून मान वर न करता गोड आवाजात म्हणाला, "नमस्कार काका, बसा." समोर खुर्ची नव्हती. उभ्या उभ्या मला दर्यापूर आठवलं.

वीसेक वर्षांपूर्वी तिथल्या कचेरीत कर्मचाऱ्यांना सौजन्य शिकवायला मी अमरावतीहून गेलो होतो. त्या दिवशी सगळी कामं बंद होती. सभागृहात खुर्च्या कमी पडल्या, म्हणून शिपायानं व्हरांड्यातली बाकडीही आत आणली. गरम पोह्यांचा वास सुटला होता आणि मी मोठ्या ऐटीत घोटून घेत होतो: आधी नमस्कार, मग बसा, मग काम काय ते विचारा.

जेवणाच्या सुट्टीत बाहेर आलो, तर दाराशी एक म्हातारी कागदांची पिशवी छातीशी धरून उभी. एरवी लोकांवर खेकसणारा एक कारकून पुढे झाला आणि हात जोडून म्हणाला, "नमस्कार आजी, बसा."

तिनं रिकाम्या व्हरांड्यावर नजर फिरवली. "कुठी बसू बाप्पा? सकायपासून उभीच आहो." मग भिंतीचा आधार घेत ती तापलेल्या फरशीवरच बसली.

कारकुनानं माझ्याकडे पाहिलं. जमलं का, एवढंच त्याला विचारायचं होतं. मी त्याची पाठ थोपटली आणि आम्ही दोघं जेवायला गेलो.

तिचं काम काय होतं, ते मला आजही माहीत नाही.