पथारीवरचं हिरवं लुगडं

रंगातलं मला कळतं, हे मी न लाजता सांगतो. मी धुळ्यात लग्नाच्या व्हिडिओचं दुकान टाकलं तेव्हा गावातल्या सगळ्या कॅसेटींमध्ये हळदीची नवरी कावीळ झाल्यासारखी दिसायची. माझ्या कॅसेटमध्ये ती नवरीसारखी दिसायची. नव्वदीच्या शेवटी शेवटी मी कॅसेटवरचं चित्र आत ओढून घेणारं कॅप्चर कार्ड बसवलेला कॉम्प्युटर घेतला आणि मग तर विचारूच नका. शेजारचे दुकानदार म्हणायचे, हा आता बायकोच्या भाजीचाही रंग दुरुस्त करून खातो. म्हणू देत. येत मलाच होतं, त्यांना नव्हतं.

त्या कॉम्प्युटरवर मी जीव लावून केलेलं पहिलं काम गिऱ्हाइकाचं नव्हतं. ते एका जुन्या सिनेमाचं होतं. हा सिनेमा मला तोंडपाठ होता, कारण त्यातला एक प्रसंग दोंडाईच्याजवळ, आमच्या गावात काढलेला होता. हिरॉइन मिरचीच्या पथारीवरून, म्हणजे मिरच्या वाळवायच्या मैदानावरून, पळत जाते आणि गावातल्या आठ बायका वाळत घातलेल्या मिरच्या उलथत असतात. पडद्यावर सगळा वीसेक सेकंदांचा कारभार. त्या आठांत माझी आई होती. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. मी चार वर्षांचा असताना ती तापाने गेली. तिचा घरात एकच फोटो, लग्नातला, काळापांढरा, आणि त्यात पदर नाकापर्यंत ओढलेला. तो असून नसून सारखाच.

आबा, म्हणजे माझे वडील, तिला पडद्यावर ओळखायचे ते लुगड्यावरून. हिरवं, लाल काठाचं, त्यांनी स्वतः बाजारातून आणलेलं. सिनेमा दोंडाईच्याला लागला तो ती गेल्यावर, तेव्हा ते रोज गेले. पुढे जत्रेच्या तंबूत आला तरी जायचे, वीस सेकंद बघायचे आणि उठून यायचे. उरलेल्या सिनेमाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

मग मी एका व्हिडिओ लायब्ररीतून त्याची कॅसेट मिळवली आणि मोठ्या हौसेने त्यांना दुकानात बसवून लावली. प्रिंट म्हातारी झालेली, सगळे रंग उडून नुसता लाल उरलेला. मिरच्या लाल, आभाळ लालसर आणि आठही बायकांची लुगडी विटकरी. आबा टीव्हीजवळ सरकले, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. मग म्हणाले, हरवली रे. मी म्हटलं, मी काढतो शोधून, माझ्याकडे मशीन आहे. त्यावर त्यांनी विचारलं, तिचा रंगीत फोटो निघेल का, पितरांच्या दिवशी हार घालायला भिंतीवर काहीच नाही. मी म्हटलं, भिंतभर काढून देतो.

ठरवलं होतं अख्खा सिनेमा दुरुस्त करायचं, पण हार्ड डिस्कमध्ये एका वेळी चारपाच मिनिटांच्या वर मावत नव्हतं. म्हणून सुरुवात पथारीपासून केली. रंग सुधारायचे तर चित्रात आधी खरा पांढरा शोधावा लागतो. तो सापडला की बाकीचे रंग त्याच्या आधाराने जागेवर येतात. मी मागे उभ्या असलेल्या माणसाचं धोतर धरलं आणि सगळं चित्र पिवळं पडलं. आठ दिवस मी कॉम्प्युटरला शिव्या घातल्या. मग घरच्या दोरीवर वाळणारा माझा सदरा बघितला आणि कपाळावर हात मारला. आमच्याकडे पांढऱ्या कपड्याला नीळ घालतात. धोतर पांढरं नव्हतंच, निळसर होतं. त्याच चित्रात कोपऱ्यात एक पांढरा बैल होता. बैलाला कोण नीळ घालतो? त्याचा पांढरा धरला आणि तासाभरात आभाळ निळं झालं.

हिरवं लुगडंही निघालं, पण मळकट. मला ते आबांच्या आठवणीतल्यासारखं हवं होतं. म्हणून मी फक्त हिरवा वाढवत नेला. दुपारी काम लावावं, संध्याकाळी ते पूर्ण होत आलं की लाइट जावी, पुन्हा पहिल्यापासून. पण काढलं. बाकीच्या बायकांचे चेहरे त्यात आजारी दिसायला लागले, त्याची मी फिकीर केली नाही. माझी आई हिरव्यात होती.

चुलत बहिणीच्या लग्नाच्या बस्त्यासाठी घरची मंडळी धुळ्याला आली, तेव्हा भरदुपारी आबा आणि काकू दुकानात टेकले. काकू म्हणजे आबांच्या धाकट्या भावाची बायको. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. आबा तिचे जेठ. जेठासमोर बाईने डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, तोंड वर करायचं नाही आणि थेट बोलायचं तर नाहीच, ही आमच्याकडची रीत. एका घरात राहून तीस वर्षं ही दोघं एकमेकांशी बोलली ती पोरांच्या तोंडून. आताही काकू आबांकडे पाठ करून कोपऱ्यात बसली.

मी ऐटीत चित्र लावलं. हिरवं लुगडं झळकलं तसा आबांचा चेहरा उजळला. मी चित्र थांबवलं, हिरव्या लुगड्यातली वाकलेली बाई मोठी केली, अर्धा चेहरा पदराआड, आणि सांगितलं की हाच फोटो काढून मोठा करतो, चंदनाची फ्रेम, वरून हार. आबा मान हलवत होते. तेवढ्यात कोपऱ्यातून काकूचा आवाज आला, माझ्या नावाने, पण माझ्यासाठी नव्हता तो.

"त्यास्ले सांग, ती मी शे."

हिरव्यातली बाई काकूच आहे, हे मी आबांना सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. काकू पाठमोरीच, एका दमात बोलत गेली. ती तेव्हा नवी नवरी होती, नेसायला धड लुगडं नव्हतं. आबा बाहेरगावी होते, आणि सिनेमावाले येणार म्हणून माझ्या आईने स्वतःचं नवं हिरवं तिला नेसवलं आणि तिचं जुनं पिवळं आपण नेसली. आबा दर वेळी हिरव्याकडे बघून डोळे पुसायचे, हे तिला ठाऊक होतं. पण जेठाला सांगणार कोण, आणि कुठल्या तोंडाने? आता जिवंतपणी स्वतःच्याच फोटोला हार पडायची वेळ आली तेव्हा तिचा इलाज संपला.

मी खजील झालो. मला भरवणाऱ्या बाईला मी पडद्यावर ओळखलं नव्हतं, आणि म्हणे मला दिसतं. आबांनी मला चित्र पुन्हा लहान करायला लावलं आणि पडद्यावर पिवळं लुगडं शोधलं. ते टोकाला होतं, मिरच्यांच्या ढिगापलीकडे. सगळ्या बायका वाकलेल्या, ही एकटी ताठ उभी, पदर खांद्यावर, सरळ आमच्याकडे तोंड करून हसत होती. इतकी वर्षं वीस सेकंद आबांची नजर हिरव्यावरून हललीच नव्हती.

"हसी राहिनी ती," आबा म्हणाले.

पण चेहरा हिरवट होता, रोग्यासारखा. ते मी केलं होतं. आबांनी मला तिचा चेहरा नीट करायला सांगितला, हिरव्याचं सोडून दे म्हणाले. मी माउस हातात घेतला आणि अडलो. आभाळ कसं असतं, बैल कसा असतो, मला माहीत होतं. आईचा रंग मला माहीत नव्हता. मी आबांना विचारलं, कशी होती, गोरी, सावळी? त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांना सांगता येईना. लुगडं आठवत होतं, ती आठवत नव्हती. मला वाटलं, विचारलंच कशाला आपण.

काकू उठली. पदर सावरून, आबांच्या बाजूनेच पुढे आली आणि तिने माझं मनगट धरून माझा हात काचेवर, त्या पिवळ्या लुगड्याशेजारी ठेवला.

"तुना हात पाह्य. तोच रंग व्हता तिना."

मी डावा हात तसाच काचेवर ठेवला आणि उजव्या हाताने तिचा चेहरा माझ्या हाताला मिळेपर्यंत रंग बदलत राहिलो.