कुंदाताईंची बचत

न्हाणीघरात कोणी पाणी सुरू केलं की कुंदाताई बाहेरून हाक मारायच्या. ऑफिसात, साइटवर, परक्याच्या घरीसुद्धा. "कोन हाये वो आत? ओ द्या!" आतून ओ येईपर्यंत त्या दारापासून हलत नसत. आम्ही मागून हसायचो. नवीन माणूस गोंधळून बाहेर येई, तोवर त्या आपल्या टेबलाशी जाऊन काहीच झालं नाही अशा बसलेल्या असत.

दोन हजार सालानंतरचे ते दिवस. वर्ध्यातल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी नकाशे काढायची आणि चाळिशीच्या, डिप्लोमा झालेल्या, एकट्या राहणाऱ्या कुंदाताई नळ-पाण्याचं काम बघायच्या. कापसाचे व्यापारी गोपालबाबू जाम गावाजवळ नर्सिंगच्या मुलींसाठी वसतिगृह बांधत होते आणि त्यांना 'ग्रीन बिल्डिंग'चं प्रमाणपत्र हवं होतं, तेही वरच्या दर्जाचं. शब्द आमच्याकडे नवा होता. साध्या नळांतून किती पाणी गेलं असतं आणि बारीक धारेच्या नळांतून किती जाईल, हा फरक म्हणजे बचत. ती कागदोपत्री दाखवायची. कंपन्यांची माहितीपत्रकं, मोजमापं, हिशेब हे सगळं कुंदाताई करत. पण त्या कामात त्यांचा जीव रमत नसे. 'बचत' शब्द लिहिताना त्यांचा हात थांबायचा. म्हणायच्या, "बचत म्हंजे कोनाची तरी पान्याची खेप वाचली पाहिजे. नाई तं ते नुसते आकडे हायत."

मुली राहायला आल्या. प्रमाणपत्राचे कागद पाठवण्याआधी आम्ही दोघी शेवटची पाहणी करायला गेलो. दुपार होती, मुली वर्गात गेलेल्या, इमारत सुनसान. वरच्या मजल्यावर एक दार बंद होतं आणि आत नळ चालू होता. कुंदाताईंनी हाक मारली. ओ आली नाही. दुसऱ्यांदा मारली. पाण्याचा आवाज तसाच. मग त्या दोन्ही हातांनी दार बडवू लागल्या आणि मी कधी न ऐकलेल्या आवाजात ओरडल्या, "मंजे! ओ दे! मंजे, ओ दे ना वो!"

दार उघडलं. एक मुलगी उभी होती. मुठीत नळाच्या तोंडाची जाळी, धार बारीक करणारी. "मॅडम, दंड नका करू. बादली भरतच नाही लवकर. सकाळी रांग लागते, ड्युटीला उशीर होतो. सगळ्यांनीच काढल्यात." कुंदाताई ओल्या फरशीवर बसल्या. मुलीचा हात धरून बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या.

जामच्या चौकात बसची वाट पाहताना त्या आपणहून बोलू लागल्या. मंजू त्यांची धाकटी बहीण. घर आंजी गावातलं. कडक उन्हाळ्यात गावची विहीर तळाला गेली, की अंगानं हलकी म्हणून मंजू खाली उतरायची, वाटीवाटीनं बादली भरायची आणि कुंदा वरून ओढायची. खाली अंधार. म्हणून हाक मारायची, ओ द्यायची. "त्या दिवशी मी डोक्यावरून न्हायली. एका घागरीत भागलं असतं. मी अजून एक मांगितली. घरचं पानी सरलं. म्हून मंजी दुसऱ्या खेपेले उतरली, अन् मांगून विहिरीची कड ढासळली. मी हाका मारून राह्यली, मारून राह्यली..." बस आली. वाक्य तिथंच सोडून त्या चढल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हिशेब बदलला. न्हाणीघरातले नळ बचतीतून काढून टाकले आणि तिथे मोठ्या धारेचे साधे नळ बसवा म्हणून लिहिलं. गोपालबाबू तडक ऑफिसात आले.

"कागज तं सही हायेत ना, ताई? फिर काऊन अडवून राह्यल्या?"

"कागद खरा हाये, बाबू. बादली त्याले खोटं पाडून राह्यली. बारीक धारेनं बादली लहान होत नाई. पोरीचा वेळ तेवढा जाते."

"दर्जा उतरंन आपला!"

"उतरू द्या. हात धुवाच्या नळाची अन् फ्लशची बचत खरी हाये. ते मी लिहून देतो. जे वाचलंच नाई, त्यावर माही सही नाई."

आमच्या आर्किटेक्ट साहेबांनी समजावलं, चिडले, शेवटी बोलणंच टाकलं. कुंदाताईंचाच हिशेब पुढे पाठवला गेला. प्रमाणपत्र आलं, एक पायरी खालचं. गोपालबाबूंनी आम्हाला पुन्हा काम दिलं नाही, आणि महिन्याभरात कुंदाताईंनी नोकरी सोडली.

जाताना मला म्हणाल्या, "आंजीले चालशील? आईले एक गोष्ट सांगाची हाये. एकटीनं होत नाई."

म्हातारी अंगणात तूर निवडत बसली होती. कुंदाताई तिच्यासमोर मांडी घालून बसल्या आणि इतक्या वर्षांत या घरात जे नाव कोणी काढलं नव्हतं ते त्यांनी काढलं. "आई, मंजी माह्यापायी गेली. दुसरी घागर मी मांगितली होती."

म्हातारीचे हात सुपात थांबले. "तू कायले मांगतं?" ती म्हणाली. "तुले पाहाले पाहुने येनार होते. केसातली शिकेकाई निंघाली नोयती. तू तं 'पुरे, आई' म्हनलं होतं. दुसरी म्या वतली."

"नाई आई, मी..."

"तुये डोये मिटले होते, कुंदे. म्या वतली."

दोघींपैकी कोणाची आठवण खरी, की म्हातारीनं लेकीचं ओझं त्या क्षणी स्वतःवर ओढून घेतलं, ते मला कधीच कळलं नाही. कुंदाताईंनाही कळलं नसावं. त्यांनी आईपुढचं सूप हळूच आपल्याकडे ओढलं आणि उरलेली तूर निवडू लागल्या. परतीच्या बसला मी एकटीच चढले.