झेंडू पेरायच्या आधी

काकूंचा फोन आला तेव्हा मी कामावर होते. लंडनजवळच्या स्लाऊमध्ये, तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका डेटा सेंटरमध्ये मी नोकरी करते. आत हॉलमध्ये पंख्यांचा आवाज इतका असतो की शेजारच्याशी बोलायलाही ओरडावं लागतं, आणि फोन बाहेर लॉकरमध्ये ठेवावा लागतो. जेवायच्या सुट्टीत फोन हातात घेतला तर काकूंचे मिस्ड कॉल एकाखाली एक. कार पार्कमध्ये जाऊन मी उलटा फोन लावला. "अगं, हे गेले," काकू म्हणाल्या. "चहा घेतला, कप खाली ठेवला, आणि गेले…" मी जिथे उभी होते तिथेच पूर्वी मधुकाकांच्या कारखान्याचं गेट होतं. हे त्यांनीच मला माझ्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात दाखवलं होतं. त्या जागेवर उभं राहून मी बराच वेळ रडले. माझा स्वभाव रडका नाही, पण त्या दिवशी इलाज नव्हता.

मधुकाका माझे सख्खे काका नव्हेत. मी नागपूरहून व्हिसावर इथे आले तेव्हा त्यांच्या घरातली वरची खोली भाड्याने घेतली. सहा महिन्यांसाठी म्हणून घेतलेली खोली पुढे लग्न होईपर्यंत सुटली नाही. काका साताऱ्याचे. तरुणपणी इथे आले आणि गाड्यांचे गिअर कापणाऱ्या कारखान्यात लागले. त्यांचं मशीन एक होतं आणि एकच राहिलं. त्या मशीनबद्दल ते असं बोलायचे की नवख्याला वाटावं, घरात एखादी थोरली सून आहे आणि तिचे नखरे चालले आहेत. माझं काम मात्र त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. "काय करता काय गं तुम्ही तिथं?" ते विचारायचे. "सकाळी ट्रक आत जात नाही, संध्याकाळी माल बाहेर पडत नाही. हा कसला कारखाना?" मी समजावून सांगायचे, ते मान डोलवायचे, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तोच प्रश्न. खरं सांगायचं तर चिडण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्यांच्या वेळी शिफ्ट सुटली की सायकलींनी रस्ता भरून जायचा. आमची अख्खी शिफ्ट एका टेबलाभोवती जेवायला बसते.

दसऱ्याला काका मशीनची पूजा करायचे. आदल्या दिवशी मशीन पुसून लख्ख करायचं, सकाळी हळदीकुंकू, हार, आणि नारळ. नारळ मात्र बाहेर कार पार्कमध्ये फोडायचा, कारण आत फोडला तर तुकडे उडतील, असा नियम ग्लिनने काढला होता. ग्लिन हा शेजारच्या मशीनवरचा वेल्श माणूस, कामगारांच्या सुरक्षिततेचा प्रतिनिधी आणि काकांचा जिवलग मित्र. नियम काढला त्यानेच, आणि नारळ फोडायचा मानही दर वर्षी त्याचाच. पेढे तर तो मोजत नसे. पण त्याचं खरं काम वेगळं होतं. पूजेचा झेंडू तो पिकवायचा. कौन्सिलकडून भाड्याने मिळणाऱ्या जमिनीच्या तुकड्यावर, त्याच्या अलॉटमेंटवर, कांद्या-बटाट्यांच्या कडेला एक ओळ झेंडूची असायची, ती फक्त या मशीनसाठी.

यात एक मेख होती. इथला झेंडू थंडीच्या पहिल्या कडाक्यात काळा पडतो, आणि दसरा काही एका तारखेला बसून राहत नाही. कधी सप्टेंबर संपता संपता येतो, कधी ऑक्टोबर सरत आल्यावर. म्हणून काका दर वर्षी वसंतात अलॉटमेंटवर जाऊन ग्लिनला तारीख सांगून यायचे. दसरा लवकर असेल तर पेरणी एप्रिलमध्ये, उशिरा असेल तर मेमध्ये. अधिक महिना म्हणजे काय हेही त्यांनी त्याला समजावलं होतं. ग्लिनला ते फार आवडलं. तो त्याला "जादाचा महिना" म्हणायचा, आणि असा महिना सरकारने सगळ्यांना पगारी रजेसकट द्यावा, असं त्याचं मत होतं.

पुढे कंपनीने तो विभाग चाकणला हलवायचं ठरवलं. मशीनं सुटी करून, पॅक करून, तिकडे पुन्हा उभी करायला माहीतगार माणूस हवा होता. तो माणूस मराठी असला तर सोन्याहून पिवळं. काकांना विचारलं आणि काका गेले. जाऊ नका, असं काकू म्हणाल्या होत्या. "मी नाही गेलो तर दुसरा कुणी जाईल आणि मशीनची वाट लावेल," असं त्यांनी उत्तर दिलं. काही महिन्यांनी ते परत आले तेव्हा इथला कारखाना बंद व्हायला आला होता. शेवटच्या दिवशी कँटीनमध्ये ग्लिन सगळ्यांसमोर त्यांना म्हणाला, "खाणी बंद पडल्या तेव्हा माझा बाप वेल्सहून कामाच्या मागे चालत इथवर आला. आणि तू ते काम खोक्यात घालून तुझ्या घरी नेलंस."

पुढच्या वसंतात काका अलॉटमेंटच्या फाटकापर्यंत गेले आणि परतले. "मशीनच राहिलं नाही. कुठल्या तोंडानं फुलं मागू?" एवढंच काकूंना म्हणाले. मग दर वर्षी तेच. दसऱ्याला ते मागच्या अंगणातल्या शेडमध्ये बारीक मापं घ्यायच्या आपल्या मायक्रोमीटरची पूजा करायचे, तीही साउथॉलच्या भारतीय बाजारातून आणलेल्या विकतच्या फुलांनी, आणि फुलं शिळी आहेत म्हणून दिवसभर कुरकुरायचे. दोघांची घरं दोन गल्ल्या सोडून. डॉक्टरांच्या दवाखान्यात, बसस्टॉपवर, सुपरमार्केटात एकमेकांना दिसायचे आणि दोघेही भलतीकडेच बघायचे. मी एकदा मध्यस्थी करू का विचारलं, तर काका माझ्यावर असे उखडले की मी पुन्हा विषय काढला नाही.

एका दसऱ्याला मात्र, पूजा झाल्यावर, ते आपणहून बोलले. चाकणला पहिल्या वर्षी पूजेला ढिगाने झेंडू होता. पोरांनी मशीन नवरीसारखं नटवलं होतं, आणि सगळ्यांनी मराठीत आरती म्हटली. "मला तिथं आनंद झाला गं," काका म्हणाले. "लोकांना वाटतं, मी नाइलाजानं गेलो. ग्लिन तेवढं तरी समजून घेईल. पण मला आनंद झाला, हे त्याला कसं सांगू?" त्यांची चूक होती असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. आपल्या मातीत आपलं मशीन फिरताना बघून कुणाला बरं वाटणार नाही? आणि ज्याच्या दारचं काम गेलं, त्याने रागावू नये असं तरी कुठल्या तोंडाने म्हणायचं… कारखाने हलवायचे निर्णय कुठेतरी वरच्या मजल्यावर होतात, आणि भांडणं मात्र शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन मशीनवाल्यांची लागतात. याची मला मनापासून चीड येते.

गेल्या हिवाळ्यात चाकणहून एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. तिथलीही लाइन बंद झाली होती. विजेवरच्या गाड्यांना तसले गिअर लागत नाहीत. काकांचं मशीन भंगारात गेलं. फोन ठेवून ते शेडमध्ये जाऊन बसले. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "ग्लिनला सांगायला पाहिजे. त्याचंही नाही राहिलं, माझंही नाही राहिलं. आता भांडायचं कशावरून?" मी म्हटलं, चला, आत्ता जाऊ, मी सोडते गाडीने. ते म्हणाले, "आत्ता नको. एप्रिलमध्ये जाईन, पेरणीच्या आधी. तारीख सांगायला म्हणून गेलो की बरं दिसेल." काका मार्चच्या सुरुवातीला गेले.

अंत्यविधीला ग्लिन आला होता. मागच्या रांगेत, काळा कोट, हातात टोपी. संपल्यावर कुणाशी न बोलता निघून गेला. मला त्याचा राग आला, हे कबूल करते. पण गेल्या आठवड्यात तो काकूंच्या घरी आला. मीही तिथे होते. चहा झाल्यावर त्याने शेड बघायला मागितली. तिथे काकांची हत्यारं तशीच आहेत. हळदीकुंकवाचे डाग पडलेल्या फडक्यावर मायक्रोमीटर ठेवलेला. ग्लिनने तो उचलला, फिरवला, डोळ्यांजवळ नेला. काकूंनी मग त्याला सगळं सांगितलं, मशीन भंगारात गेलं तेही, आणि एप्रिलचा बेतही.

ग्लिन म्हणाला, "मी दर वर्षी पेरत होतो. अंदाजानं. कधी फार आधी फुलायचा, कधी थंडीत जायचा. तारीख सांगायचं काम त्याचं होतं. तो आला नाही, तेव्हा मला वाटलं, त्याला माझी फुलं नको असतील."

काकू तिथल्या स्टुलावर बसल्या. इतकी वर्षं दोन गल्ल्यांच्या अंतरावर एक झेंडू फुलत होता आणि एक माणूस साउथॉलहून शिळी फुलं आणत होता. मग ग्लिननेच विचारलं, "यंदा कधी आहे?"

"यंदा अधिक महिना आलाय," काकू म्हणाल्या.

"जादाचा महिना," ग्लिन म्हणाला. "म्हणजे उशिरा. मग मेमध्ये पेरतो." आणि त्याने मायक्रोमीटर फडक्यावर होता तिथेच परत ठेवला.