नऊ आणि तेराच्या मधलं घर

रस्त्याकडे पाठ करून रस्ता बघणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. आमच्या घरांसमोरच्या फुटपाथवर चर्चची बुटकी भिंत होती. तिच्यावर फळी टेकवून बाई उभ्या राहायच्या. डाव्या हातात पावडरच्या डबीतला गोल आरसा, उजव्या हातात पेन्सिल. आरसा खांद्यावर धरायचा, त्यात मागची घरं बघायची आणि कागदावर उतरवायची.

"सरळ तोंड करून काढा की," मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणालो.

"छापलं की उजव्याचं डावं होतं. म्हणून आधीच उलटं बघून घ्यायचं," त्या आरशातूनच माझ्याकडे बघत म्हणाल्या. "बघू दे जरा. सरका."

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. या बाईंनी माझ्यावर एक तप डूख धरला आणि भर रस्त्यात, सगळ्या मँचेस्टरसमोर माझं नाक कापलं. त्यांचं नाव मात्र मी तुम्हाला सांगणार नाही. त्यांनी माझं घर गाळलं, मी त्यांचं नाव गाळतो. फिट्टंफाट.

आमचा नंबर अकरा, त्यांचा पंधरा. विटांची, एकमेकांना चिकटलेली घरं. ऐंशीच्या सुमारास आम्ही तिथं राहायला गेलो तेव्हा बाई आधीपासून होत्या. यजमान डॉक्टर होते, ते इकडे आल्यावर चारेक वर्षांत वारले. बाई मुलीला घेऊन इथंच राहिल्या आणि कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात लिनोवर चित्रं कोरून छापायला शिकल्या. लिनो म्हणजे तेच, स्वयंपाकघरात जमिनीवर घालतात तसलं. त्यावर चित्र काढायचं, कोरणीनं नको तेवढं छिलून टाकायचं, उरलेल्यावर शाई फिरवायची आणि कागद दाबायचा. छिललेली जागा पांढरी राहते. दाबायला त्यांनी कपडे पिळायचं जुनं, लाकडी रुळांचं यंत्र कुणाच्या तरी परसातून उचलून आणलं होतं.

आणि चित्रं कसली? बसस्टॉप. चिप्सच्या दुकानाबाहेरची रांग. पावसात भिजणारी कुणाची तरी गादी. दुधाच्या रिकाम्या बाटल्या. गुरुवारी सकाळी फुटपाथवर मांडलेल्या कचऱ्याच्या बिन्स.

मी तेव्हा आमच्या मंडळाचा सेक्रेटरी होतो. मी त्यांना सुचवलं, "एखादा गणपती काढा ना. लोक घरात लावतील तरी."

"गणपतीकडे सगळे बघतात हो," बाई म्हणाल्या. "बिन्सकडे कोण बघतं?"

माझी बायको कुमुद खो खो हसली. तिचं आणि बाईंचं पहिल्यापासून गूळपीठ होतं. दुपारी मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, आणि या दोघी पंधरा नंबरात चहा पीत बसलेल्या.

आता मूळ प्रकरण सांगतो. त्यात माझी चूक किती, ते तुम्हीच ठरवा.

त्या वर्षी गणपतीच्या कार्यक्रमाला शाळेचा हॉल घेतला होता. बाईंनी मला विचारलं होतं, "माझी रस्त्याची चित्रं मांडायला एक टेबल मिळेल का?" मी हो म्हणालो आणि विसरलो. आयत्या वेळी त्या चित्रांचा गठ्ठा घेऊन आल्या तेव्हा टेबल नव्हतं. "तूर्त किचनमध्ये ठेवा," मी म्हटलं. शाई पुरती वाळली नव्हती म्हणून त्यांनी ते अठरा कागद रेडिएटरवरच्या फळीवर ठेवले, ऊब लागावी म्हणून चित्राची बाजू खाली करून, आणि त्या आरतीला गेल्या.

किचनमध्ये कुमुद शंभर माणसांचे बटाटेवडे तळत होती. "अहो, पेपर संपले. वडे काढायला कसला तरी कागद द्या ना!"

मी फळीवरचा गठ्ठा उचलून दिला. पातळ, मऊ, सायीच्या रंगाचा कागद होता. बाईंनी तो खास जपानी मागवला होता, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी एवढंच म्हणालो, "वा, काय छान तेल पितोय!"

एकही कागद मी उलटून पाहिला नाही.

आरतीनंतर बाई आत आल्या. त्यांनी ट्रेकडे पाहिलं. मग एकेक वडा उचलून ताटात ठेवला, एकेक कागद सोडवला आणि सगळे छातीशी धरले. कुमुदच्या लक्षात आलं तशी ती झारा हातात घेऊन तिथंच जमिनीवर बसली आणि रडायला लागली. बाई तिला म्हणाल्या, "कुमुद, तेल तापलंय. आधी गॅस बंद कर."

मी काय केलं? मी माईकपाशी गेलो. सेक्रेटरीनं आभार मानायचे असतात. मी म्हणालो, "आज आपल्या कलाकार भगिनींची कला थेट आपल्या पोटात गेली आहे. इतकी पचणारी कला मंडळात प्रथमच!" हॉल हसून हसून लोटपोट झाला. हा विनोद मला तेव्हा फार आवडला होता. पुढे दोन-तीन दिवस मी लॅबमध्येसुद्धा इंग्रजीत सांगितला.

बाई ते तेलकट कागद छातीशी धरून बसनं घरी गेल्या. कुमुद दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागून आली. "तुम्हीही जा," ती मला म्हणाली. "वडे मी काढले, पण माईक माझ्या हातात नव्हता." मी म्हटलं, कागदच तर होते, पुन्हा छापतील.

त्यांनी पुन्हा छापलं. महिन्याभरानं आमच्या लायब्ररीच्या भिंतीवर बाईंचं चित्र लागलं. आमच्या रस्त्याची विषम नंबरांची पूर्ण रांग. पाच नंबरचं मांजर, सात नंबरच्या म्हातारीचे पडदे, नऊ नंबरचं मोडकं फाटक, सगळं हुबेहूब. मग तेरा नंबर. नऊ आणि तेराच्या मधे कोरा, पांढरा कागद.

मी तसाच पंधरा नंबरचं दार वाजवलं. "बाई, आमचं घर राहिलं."

"राहिलं नाही. कापलं," त्या म्हणाल्या.

"मग पुन्हा घाला."

त्यांनी हातातल्या लिनोवर फुंकर मारली. छिललेल्या बारीक साली उडाल्या. "कापलेलं परत येत नाही हो."

हे वाक्य मी पुढे इतक्या वेळा ऐकलं की मला ते झोपेतही म्हणता आलं असतं.

ते चित्र रस्त्यातल्या घराघरांत लागलं. चिप्सच्या दुकानात काउंटरवर लागलं. पोस्टमन मला विचारायला लागला, "नंबर इलेव्हन, आज आहात का घरी? चित्रात तर नाही." आता मीही काही हातात बांगड्या भरल्या नव्हत्या. मी आमच्या दाराला लालभडक रंग दिला. एवढं ठळक दार कशी गाळते बघू, म्हटलं. बाईंचं पुढचं चित्र आलं, हिवाळ्यातलं, बिन्सच्या दिवसाचं. घर तर नव्हतंच, आता दारापुढची आमची बिनही गेली आणि माझी गाडीही.

मी कौन्सिलला पत्र लिहिलं की पंधरा नंबरात बेकायदा अवजड यंत्र चालतं. कौन्सिलचा माणूस आला, कपडे पिळायचं यंत्र बघून पोट धरून हसला आणि जाताना बगलेत एक चित्र घेऊन गेला. बाईंच्या त्यानंतरच्या चित्रातून आमच्या फाटकापुढचा दिव्याचा खांब गेला. मी हसलो. पण दोन महिन्यांनी कौन्सिलची माणसं आली आणि त्यांनी तो खांब खरोखरच उपटून नेला, गंजला होता म्हणून. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. उद्या घरावरही कुणी येईल की काय, असं वाटत राहिलं.

एवढ्या भांडणात आमचं 'अहो-जाहो' मात्र सुटलं नाही. समोरासमोर आलो की त्या "कसं काय, सेक्रेटरीसाहेब?" म्हणायच्या. सेक्रेटरीपद जाऊन मला सहा वर्षं झाली होती.

मग कुमुद आजारी पडली. काय झालं होतं ते इथं लिहीत नाही. डॉक्टरांनी उन्हाळ्यापर्यंतची मुदत दिली होती. एका दुपारी ती उशीला टेकून म्हणाली, "अहो, एक मागू? आपलं घर त्यांच्या चित्रात बघायचंय मला. तुम्ही स्वतः जा. आणि नीट बोला."

पंधरा नंबर म्हणजे एक दार सोडून. तेवढ्या अंतरात मी वाक्य पाठ करत गेलो : बाई, माझं चुकलं. बाई, माझं चुकलं. दार उघडून त्यांनी आत घेतलं. आणि समोरच्या भिंतीवर सात-आठ वर्षांची चित्रं ओळीनं लावलेली दिसली. प्रत्येकात नऊ आणि तेराच्या मधे तोच पांढरा चौकोन. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणालो, "कुमुदची इच्छा आहे. एक घर कोरायला तुमचं काय जातंय?"

बाईंनी कोरणी खाली ठेवली. बराच वेळ माझ्याकडे पाहिलं, या वेळी आरशाशिवाय. "ही कुमुदची इच्छा झाली. तुम्हाला स्वतःला काही बोलायचंय?"

"नाही," मी म्हटलं.

"बघा हं."

"मला काही बोलायचं नाही."

"मग कापलेलं परत येत नाही हो," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कोरणी उचलली.

घरी येऊन मी कुमुदला सांगितलं, बाई नाही म्हणाल्या. "तुम्ही काय म्हणालात?" तिनं विचारलं. मी सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली. जून उजाडायच्या आधी ती गेली.

तेव्हापासून मी बाईंशी बोलणं टाकलं. मरणाऱ्या मैत्रिणीसाठी जिला चार इंच लिनो कोरवत नाही, तिचं तोंड बघायचं नाही, असं ठरवलं. त्या क्रिमेटोरियममध्ये आल्या होत्या, शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. मी मान वळवली नाही. पुढची पाच-सहा वर्षं त्या भिंतीशी आरसा घेऊन उभ्या दिसल्या की मी पडदा ओढून घ्यायचो. आरशात तो पडदा दिसत असणार, हे माहीत असूनही ओढायचो.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. मी अंत्यविधीला गेलो नाही. त्यांची मुलगी ग्लासगोला असते, ती घर आवरायला आली. एका सकाळी मी बिन बाहेर काढत होतो तेव्हा ती ब्राऊन पेपरात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली.

"काका, आईचा घर क्लिअर करतेय मी. हे तुमच्यासाठी आहे. तिनं वर लिहिलेला होता, नंबर इलेव्हन."

तिला आत घेऊन मी स्वयंपाकघराच्या टेबलावर कागद सोडला. आत चौकट होती, चौकटीत चित्र. आमचा रस्ता, विषम नंबरांची रांग. जपानी कागदावर तेलाचे मोठे गोल डाग, पिवळे पडलेले. आणि नऊ आणि तेराच्या मधे अकरा नंबर.

सगळ्या रांगेत ते घर सर्वांत निगुतीनं कोरलं होतं. वीट न् वीट वेगळी. वरच्या खिडकीत कुमुद, हात उंच करून काच पुसणारी. खाली फाटकाशी एक माणूस मफलर गुंडाळून, सपाता घालून, वाकून बिन ओढतोय. तो मी आहे हे मला कळायला वेळ लागला.

"म्हणजे वड्याखाली होता तो..."

"हो. त्या दिवशी ती तुम्हाला प्रेझेंट देणार होती, तुम्हाला आणि काकूला. एवढा एकच वाचला, बाकीचे स्मज झाले. मग तिनं त्याच लिनोमधून तुमचा घर कापून टाकला."

मी खुर्चीत बसलो. मी म्हणालो, "कुमुदला एकदा दाखवायला हवं होतं गं हे. एवढं एकच मागितलं होतं तिनं."

मुलगी गोंधळली. "पण काकूनं पाहिलं होतं ना. आजारी असताना आई रोज यायची, तुम्ही वर्कला गेल्यावर. मला वाटलं तुम्हाला माहिती आहे. त्यांचा डील होता. तुम्ही येऊन सॉरी म्हटलात तर त्याच दिवशी द्यायचा. नाही म्हटलात तर आई गेल्यावर."

"आयडिया कुणाची?"

"काकूची," ती म्हणाली.

ती गेल्यावर मी चौकट उलटी केली. मागं पेन्सिलीनं, बाईंच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं : "सेक्रेटरीसाहेब, तुम्ही माफी मागितली नाहीत, म्हणून मी माफ केलेलं नाही. पण घर कुमुदचंही होतं."

दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसणारा माणूस मी. आणि एक कागद मला उलटून बघता आला नव्हता.

चौकटीचा मागचा पुठ्ठा काढून चित्र मी पुढच्या खिडकीत लावलंय. वड्याचा एक डाग नेमका आमच्या वरच्या मजल्यावर पडलाय. तेलानं कागद तिथं आरपार झालाय. सकाळी बाहेरचं ऊन आलं की बाकीच्या घरांआधी कुमुदची खिडकी उजळते.

परवा गुरुवारी बिन ठेवून मी समोरच्या फुटपाथवर गेलो. चर्चच्या भिंतीशी, घरांकडे पाठ करून उभा राहिलो आणि कुमुदचा हातातला आरसा खांद्यावर धरला. लाल दार दिसलं. एक दार सोडून पंधरा नंबर दिसला, फाटकाला एजंटाची पाटी लावलेला. मी मोठ्यानं म्हणालो, "बाई, माझं चुकलं." पोस्टमन वळून बघायला लागला, मी बघू दिलं.

तुम्हाला वाटेल, आता तरी हा त्यांचं नाव सांगेल. नाही सांगणार. त्यांनी कुठं मला माफ केलंय!