घोडा आला त्या रविवारी

रेसकोर्सवर आता निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात, अशी हळहळ आज पेपरात वाचली. मला जराही वाईट वाटलं नाही. राहू देत रिकाम्या!

शेजारच्या बशीतल्या पोह्यांचा वास आला आणि कोपरीची आमची खोली आठवली. मला बघायला ठाकुर्लीहून पाहुणे आले होते. बाबा "दोन रेस बघून चारला येतो" म्हणून गेलेले. आईने पोहे तीनदा गरम केले, शेवटी ते कढईला चिकटले. नव्या साडीत मी घामाघूम. सहा वाजता मुलाचे वडील उठले. "मुलीचे वडीलच घरात नाहीत, तर बोलायचं कोणाशी?"

तेव्हा मला वाटलं, हे नुसतं निमित्त, मीच त्यांना पसंत पडले नाही. कितीतरी वर्षं तसंच वाटत राहिलं.

दिवेलागणीला बाबा पेढ्यांचा पुडा नाचवत आले. "अगं, माझा घोडा आला!"

"पाहुणे गेले," आई म्हणाली.

"मग पुढच्या रविवारी बोलव की." त्यांनी खिशातलं रेसचं पुस्तक काढून चाळलं. "छे, पुढच्या रविवारी नको. मोठी रेस आहे."