रुपरावच्या वाट्याची रेती

तुम्हाला किती शहिदांची नावं पाठ आहेत? बरं, त्यांतल्या एकाला तरी हातभर रेतीसाठी भांडताना पाहिलंय? मी पाहिलंय. म्हणून चौकातली भाषणं राहू द्या, माझं ऐका.

रुपराव आमच्या खाप्याचा. कन्हानचं पाणी उतरलं की पात्रातल्या रेतीत आम्ही डांगरवाड्या लावायचो. डांगर म्हणजे तुमचं खरबूज. पूर दरवर्षी सगळ्या खुणा पुसून टाकायचा, म्हणून दर हिवाळ्यात आमच्यातले सगळ्यांत जुने नत्थूजी दोर टाकून नव्यानं वाटे पाडायचे. सातबारा नाही, पट्टा नाही. नियम एकच: ज्यानं यंदा पेरलं नाही, त्याला पुढल्या वर्षी वाटा नाही.

रुपरावला बाप नव्हता. रेतीत खड्डे करायचे, शेणखत भरायचं, बी टोबायचं, सगळं तो आणि त्याची आई रुखमाबाई. मिसरूड फुटायच्या आधीच गडी नत्थूजींचा दोर धरायचा.

"नत्थूजी, दोर तिरपा नेऊन राहिले तुम्ही! माझी रेती खाल्ली!"

"अबे, रेती खाऊन कोनाचं पोट भरते का?" असं म्हणत नत्थूजी दोर हातभर सरकवून द्यायचे.

उन्हाळ्यात डांगरांनी भरलेली बैलगाडी घेऊन आम्ही नागपूरच्या बाजाराला निघायचो. कोराडीच्या तलावापाशी बैलांना पाणी दाखवायचं. तिथं रुपराव हमखास एक डांगर फोडायचा, तेही गाडीतलं सगळ्यांत चांगलं. मी ओरडलो की म्हणायचा, "चांगलं लोकायनंच काहून खावं? आपून काय पाप केलं?" पुढं मी जन्मभर मोर्चे काढले. याच्यापेक्षा चांगली घोषणा मला सुचली नाही.

अडुसष्टमध्ये कामठीला भरती निघाली आणि हा घुसला. रुखमाबाई रडायला लागली तर म्हणतो, "कामठीलेबी हेच पानी जाते वं माय. डांगर सोडून देजो, मी पकडीन." सुटीही मागायचा ती दोर पडायच्या वेळेला. साहेबाला काय कारण सांगायचा देव जाणे.

एकाहत्तरला सुटी मिळाली नाही. डिसेंबरात लढाई पेटली आणि पूर्वेच्या आघाडीवर रुपराव पडला. गावात तार आली. देह आला नाही, अग्नी तिकडंच दिला.

गाव रडलं. आणि मग गावानं शहाणपणा केला. नत्थूजींनी दोर टाकला त्या दिवशी मनोहरराव मेंबर आले, त्यांनी रुपरावच्या वाट्यात झेंडा रोवला, काठीला हार घातला आणि सांगितलं, "ही शहिदाची भूमी आहे. इथं कोणी फावडं मारायचं नाही." टाळ्या पडल्या.

रुखमाबाई डोक्यावर खताची पाटी घेऊन उभी होती.

"काहून गा मेंबर, यंदा पेरलं नाही तं पुढल्या साली माह्या रुपरावचा वाटा पडन का?"

"माय, हा मान हाय पोराचा. तुले काही कमी पडू देऊ का आमी?"

"माह्या पोरानं हातभर रेती सोडली नाही कधी. तुमी अख्खा वाटा सोडून राहिले, अन् वरून मान म्हनता?"

झेंडा उपटायची हिंमत कोणाची नव्हती, आणि तिनं कोणाला सांगितलंही नाही. तिनं पाटी उतरवली आणि काठीच्या बुडाशीच पहिला खड्डा करायला घेतला. रेती कोरडी, भसाभसा आत पडत होती. नत्थूजींनी दोर खाली टाकला, फावडं उचललं.

"मेंबर, पाहून काय राहिले? शेन उचला."

मनोहररावांनी पांढरं धोतर वर खोचलं आणि उचललं. त्या माणसाला मी आयुष्यात खूप शिव्या घातल्या, पण त्या दिवसाची एक वजा करतो.

डांगरं धरली. गोड होती. पुढच्या पुरात झेंडा, काठी सगळं वाहून गेलं, पण पाणी उतरल्यावर नत्थूजींनी दोर टाकला तेव्हा मोठ्यानं पुकारलं, "रुपराव!" रुखमाबाई जिवंत होती तोवर दर हिवाळ्यात ते नाव त्या पात्रात घुमत राहिलं.

आता तुम्ही एक करा. तुमच्या गावात एखाद्या जवानाच्या नावानं जागा सोडायची ठरली, तर नारळ फोडायच्या आधी त्याच्या मायकडे जा. त्या जागेचं काय करायचं ते तिला विचारा, आणि ती बोलेपर्यंत तिथून उठू नका.