सुनेला हाक

आज क्लासमध्ये एका मुलीच्या स्क्रीनवर ती लाल ओळ आली, 'फाईल सापडली नाही', आणि मला एकदम मेथीच्या भाजीचा वास आला.

काही वर्षांपूर्वी घोडेगावच्या याच कॉम्प्युटर क्लासमध्ये वैशाली नवीन विद्यार्थिनी होती, शिनोलीहून यायची. फायलींची यादी दाखवणारी 'डिर' कमांड शेलच्या, म्हणजे हुकूम घेणाऱ्या प्रोग्रॅमच्या, काळ्या खिडकीत हाताने टाइप केली की चालायची, मी पायथन भाषेत लिहिलेल्या स्क्रिप्टमधून मात्र चालेना, हीच लाल ओळ यायची. दोन दिवस मी झगडत होतो. डब्यातली मेथी-भाकरी खाता खाता वैशाली डोकावली.

"सर, डिर नावाचा वेगळा प्रोग्रॅमच न्हाई. ती शेलच्या घरातली हाय. आमच्याकडं रस्त्यावरनं सुनेला हाक मारत न्हाईत, सासूला सांगत्यात. तुमी आधी शेलला हाक मारा."

मी तेवढं लिहिलं आणि यादी भराभर उतरली. सगळा वर्ग तिच्याकडे बघत राहिला.

"मी हेच सांगणार होतो," मी म्हणालो. ती डब्याचं झाकण लावत राहिली. तिचं ते झाकण लावणं अजून टोचतं. सासू-सुनेचा तो दाखला तर मी दर बॅचला माझा म्हणून सांगतो.

आजही सांगितला. मुलगी हसली. "लई भारी, सर. कुणी शिकवलं?"

वैशालीचं नाव ओठांपर्यंत आलं.

"अनुभवानं," मी म्हणालो.